न दिसणारा वेग कसा ओळखायचा?
(छात्र, इयत्ता दहावी)

‘तेज चल’चा हुकूम मिळाला की आपण मिनिटाला १२० पावले टाकतो. म्हणजे एका पावलाला अर्धा सेकंद, आणि उजवी टाच जमिनीला लागल्यापासून तीच टाच पुन्हा लागेपर्यंत एक सेकंद. या एका सेकंदातला सुमारे ६० टक्के वेळ पाय जमिनीवर असतो आणि ४० टक्के वेळ हवेत. जमिनीवर असताना गुडघ्याने शरीराचा भार पेलायचा असतो. हवेत असताना त्याने मोकळे वाकायचे असते, नाहीतर बोटे जमिनीला अडकतात. आपला गुडघा हे काम न चुकता करतो, कारण स्नायू आणि नसा मेंदूला क्षणोक्षणी कळवत असतात की पाय कुठे आहे आणि किती वेगाने चालला आहे.

ज्याचा पाय मांडीपासून गेला आहे, त्याच्या कृत्रिम गुडघ्याला नसा नसतात. गुडघा चुकीच्या क्षणी मोकळा राहिला तर माणूस कोसळतो. चुकीच्या क्षणी घट्ट राहिला तर ठेच लागून पडतो. मग नसा नसलेल्या गुडघ्याला आपण कुठे आहोत हे कसे कळावे? या प्रश्नाच्या उत्तरासाठी नियंत्रणशास्त्रात जी युक्ती वापरतात तिला स्टेट ऑब्झर्व्हर, म्हणजे अवस्था-निरीक्षक म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण त्यातले गणित बेरीज, वजाबाकी आणि गुणाकारात बसते. ते आपण या लेखात करून पाहू.

अवस्था म्हणजे काय?

भिंतीवर खिळा ठोकून त्याला एक लाकडी पट्टी टांगा. पट्टी स्थिर लोंबत असताना तिचा फोटो काढा. मग तिला झोका द्या आणि ती बरोबर मधून जाताना पुन्हा फोटो काढा. दोन्ही फोटोंत पट्टी सरळ खाली दिसेल, कोन शून्य. पण पुढच्या क्षणी एक पट्टी तिथेच राहील आणि दुसरी बाजूला गेलेली असेल.

म्हणजे पुढे काय होणार हे सांगायला नुसता कोन पुरत नाही, वेगही लागतो. ज्या माहितीवरून पुढची हालचाल सांगता येते त्या सगळ्या माहितीला मिळून ‘अवस्था’ म्हणतात. पट्टीची अवस्था म्हणजे कोन आणि वेग ही जोडी. त्यातला कोन फोटोत दिसतो, वेग दिसत नाही.

सांधे आपल्याला मदत करतात

पाय म्हणजे एक पट्टी नव्हे. मांडी, नडगी आणि पाऊल असे अनेक भाग सांध्यांनी जोडलेले असतात. अशा रचनेला बहुपिंडी यंत्रणा म्हणतात. सायकलची साखळी, जेसीबीचा हात, ट्रकला जोडलेला ट्रेलर या सगळ्या त्याच जातीच्या. भाग वाढले की प्रश्न फार अवघड होईल असे वाटते, पण सांधे अज्ञात संख्या कमी करतात.

मोजून पाहू. कागदावर मोकळी ठेवलेली पट्टी तीन प्रकारे हलू शकते : डावी-उजवीकडे, वर-खाली आणि गोल. दोन पट्ट्यांच्या अशा सहा हालचाली झाल्या. पहिली पट्टी कंबरेच्या जागी खिळ्याने जोडली की दोन हालचाली गेल्या. दुसरी पट्टी पहिलीला गुडघ्याच्या जागी जोडली की आणखी दोन गेल्या. उरल्या दोन : मांडीचा कोन आणि गुडघ्याचा कोन. त्यांचे दोन वेग धरले की सगळ्या पायाची अवस्था चार आकड्यांत मावते.

याचे सुंदर उदाहरण जयपूरमध्येच आहे. आमचे घर जयपूरच्या मुरलीपुऱ्यात आहे आणि या शहराचे नाव जगभर ‘जयपूर फूट’मुळेही माहीत आहे. १९६८ साली सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिशल्यतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर पंडित रामचंद्र शर्मा यांनी रबर आणि लाकूड वापरून हे पाऊल घडवले. डॉ. सेठींना १९८१ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७५ मध्ये स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती हे पाय गरजूंना मोफत बसवते. पुढे याच समितीने अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांबरोबर ‘जयपूर नी’ हा प्लास्टिकचा स्वस्त गुडघा तयार केला. ‘टाइम’ साप्ताहिकाने २००९ च्या उत्तम शोधांच्या यादीत त्याचा समावेश केला होता.

या गुडघ्यात एक बिजागर नसून चार दुव्यांची चौकट आहे. चार दुव्यांच्या हालचाली बारा. एक दुवा मांडीच्या बाजूला पक्का धरला की तीन गेल्या, उरल्या नऊ. चार सांधे प्रत्येकी दोन काढून घेतात, म्हणजे आठ गेल्या. उरली एक. म्हणजे एक कोन कळला की चारही दुवे कुठे आहेत ते कळते. या गुडघ्यात सेन्सर नाही, बॅटरी नाही. पाय सरळ असताना गुडघा सहज मोडू नये हे ‘ज्ञान’ त्याच्या भूमितीतच घातलेले आहे. पण वेगाने चालताना किंवा उतारावर किती घट्ट व्हायचे हे भूमिती दर क्षणी नव्याने ठरवू शकत नाही. तिथे अवस्था ओळखावी लागते.

नुसती वजाबाकी का पुरत नाही?

कुणी म्हणेल, वेग काढणे सोपे आहे. दोन फोटोंतल्या कोनांची वजाबाकी करा आणि वेळेने भागा. सावकाश काढलेल्या फोटोंना हे चालते. पण समजा सेन्सर सेकंदाला १०० वेळा कोन वाचतो आणि त्याच्या वाचनात एक अंशाची चूक होते. एक अंश भागिले ०.०१ सेकंद म्हणजे सेकंदाला १०० अंश! पट्टी स्थिर असली तरी गणित सांगेल की ती जोरात फिरते आहे. वाचने जितक्या झपाट्याने घ्याल तितकी ही चूक फुगते. दुसरे म्हणजे, वाचनच खोटे असेल तर वजाबाकीला ते खोटे आहे हे कळण्याचा मार्ग नसतो.

निरीक्षकाचे तीन नियम

निरीक्षक खऱ्या पट्टीच्या शेजारी कागदावर एक नकली पट्टी चालवतो. तिची अवस्था आपल्याला पूर्ण माहीत असते, कारण ती आपणच लिहिलेली असते. दर वेळी तीन कामे करायची :

१. अंदाज : भौतिकशास्त्राच्या नियमाने नकली पट्टी एक पाऊल पुढे न्या.
२. तुलना : खऱ्या पट्टीचा कोन वाचा आणि अंदाजाशी वजाबाकी करा. या फरकाला ‘चूक’ म्हणू.
३. सुधारणा : चुकीचा काही भाग नकली पट्टीच्या कोनात मिळवा आणि काही भाग तिच्या वेगात.

खरी युक्ती तिसऱ्या नियमात आहे. मोजला फक्त कोन, पण सुधारला वेगही. कारण कोनाचा अंदाज चुकला असेल तर बहुधा आपला वेग चुकला होता म्हणून.

आता आकडे घालू. ६० सेंमी लांबीची पट्टी एका टोकाला टांगली तर ती ४० सेंमीच्या साध्या लंबकाइतक्या वेळात झोका पूर्ण करते (लांबीच्या दोन तृतीयांश). हा वेळ १.२७ सेकंद येतो. तिचे कोनीय त्वरण म्हणजे ९.८ भागिले ०.४, अर्थात २४.५ गुणिले कोन, आणि ते नेहमी मधल्या रेषेकडे असते. दर ०.१ सेकंदाला वेग साधारण २.५ × कोन इतका बदलतो. म्हणून अंदाजाचे नियम असे :

नवा वेग = जुना वेग − २.५ × जुना कोन
नवा कोन = जुना कोन + ०.१ × नवा वेग

सुधारणेसाठी मी हे आकडे निवडले : कोनात चुकीच्या ०.८ पट मिळवायचे आणि वेगात ५ पट.

समजा खरी पट्टी दोन्ही बाजूंना २० अंशांपर्यंत झोके घेते आहे. ती मधून जाताना आपण पाहायला लागलो. निरीक्षकाला काहीच माहीत नाही, म्हणून त्याने कोन ० आणि वेग ० धरला. खाली वाचने सूत्रावरून काढून पूर्ण अंशात आणली आहेत, म्हणजे खरा वेग शेजारी ठेवून तपासता येईल. वेग सेकंदाला किती अंश असा आहे आणि ‘खरा वेग’ म्हणजे त्या ०.१ सेकंदातला सरासरी वेग.

पहिले वाचन १०. अंदाज ० होता, चूक १०. सुधारलेला कोन ८, वेग ५०. खरा वेग ९५.
दुसरे वाचन १७. अंदाज ११, चूक ६. सुधारलेला कोन १५.८, वेग ६०. खरा वेग ७२.
तिसरे वाचन २०. अंदाज १७.९, चूक २.१. सुधारलेला कोन १९.६, वेग ३१. खरा वेग ३२.
चौथे वाचन १८. अंदाज १७.८, चूक ०.२. सुधारलेला कोन १८, वेग −१७. खरा वेग −१६.
पाचवे वाचन १२. अंदाज ११.८, चूक ०.२. सुधारलेला कोन १२, वेग −६१. खरा वेग −६०.

दुसरी ओळ स्वतः करून पाहा. वेग ५० − २.५ × ८ = ३०. कोन ८ + ०.१ × ३० = ११. चूक १७ − ११ = ६. कोन ११ + ४.८ = १५.८. वेग ३० + ३० = ६०. बस्स, एवढेच.

सुरुवातीला वेग पूर्ण चुकीचा होता. तिसऱ्या वाचनाला तो खऱ्या वेगाच्या एका अंशाजवळ आला आणि चौथ्या वाचनाला पट्टी उलट फिरली तेव्हा तोही उलट फिरला. वेग मोजणारे कोणतेही साधन आपण लावलेले नव्हते.

किती विश्वास कुणावर?

आता चौथे वाचन १८ ऐवजी चुकून २५ आले असे धरा. नुसत्या वजाबाकीने वेग ५० येईल. खरा वेग −१६, म्हणजे ६६ ची चूक. निरीक्षकाचा वेग १८ येतो, म्हणजे ३४ ची चूक, साधारण निम्मी. शिवाय निरीक्षकाला आणखी एक गोष्ट कळते. त्याची अपेक्षा १७.८ ची होती आणि सलग वाचने अपेक्षेच्या जवळ येत होती. एकदम सात अंशांचा फरक आला तर ‘हे वाचन संशयास्पद आहे’ असे तो म्हणू शकतो. ज्याला काही अपेक्षाच नाही, त्याला संशय घेता येत नाही.

सुधारणेचे आकडे मोठे घेतले तर निरीक्षक वाचनांवर जास्त विश्वास ठेवतो. तो लवकर शिकतो पण प्रत्येक खोट्या वाचनाने हेलकावतो. आकडे लहान घेतले तर तो आपल्या नियमावर जास्त विश्वास ठेवतो. तो शांत राहतो पण खरा बदल उशिरा ओळखतो. हे प्रमाण हिशेबाने ठरवण्याची पद्धत रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० च्या शोधनिबंधात मांडली. अंदाजात किती खोट असेल आणि सेन्सरमध्ये किती, यांची तुलना करून ती दर पावलाला विश्वासाचे प्रमाण काढते. अपोलो यानांच्या दिशादर्शनात ही पद्धत वापरली गेली. ‘निरीक्षक’ ही कल्पना डेव्हिड लुएनबर्गर यांनी १९६४ साली प्रसिद्ध केली. ते त्याच स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकले होते, जिथल्या विद्यार्थ्यांनी पुढे जयपूरचा गुडघा बनवला.

जे दिसूच शकत नाही

निरीक्षक म्हणजे जादू नव्हे. समजा पायाला फक्त गुडघ्याचा कोन मोजणारा सेन्सर लावला आहे. आता गुडघा ताठ ठेवून सगळा पाय कंबरेतून पुढे-मागे हलवा. गुडघ्याचा कोन सतत शून्यच राहील. पाय स्थिर असला तरी तेच वाचन आणि झोके घेत असला तरी तेच. अशा वेळी कितीही हुशार गणित मांडीचा वेग सांगू शकणार नाही, कारण वाचनांत ती माहिती उतरतच नाही. म्हणून सेन्सर किती लावायचे याच्या आधी कुठे लावायचे हा प्रश्न विचारावा लागतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये इस्रोने जाहीर केलेला गुडघा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तो तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रात विकसित होत होता. वजन सुमारे १.६ किलो. त्यात एक मायक्रोप्रोसेसर, बॅटरी, हायड्रॉलिक डॅम्पर (मोटारसायकलच्या शॉक ॲब्सॉर्बरसारखा) आणि दोन प्रकारचे सेन्सर आहेत : एक गुडघ्याचा कोन मोजतो, दुसरा पायावरचा भार. नुसत्या कोनावरून जे ओळखता येत नाही त्यासाठी भार मदतीला येतो. या वाचनांवरून प्रोसेसर चालीची अवस्था ओळखतो आणि डॅम्पर किती घट्ट करायचा ते ठरवतो. चाचणीत हा गुडघा लावून एक व्यक्ती थोड्याशा आधाराने सुमारे १०० मीटर चालली. तेव्हा परदेशातून येणारे असे गुडघे १० ते ६० लाख रुपयांना पडत. हा ४ ते ५ लाखांत मिळावा अशी अपेक्षा तेव्हा सांगितली होती.

वेळेचा हिशेब इथे महत्त्वाचा ठरतो. आपल्या निरीक्षकाला वेग ओळखायला तीन वाचने, म्हणजे ०.३ सेकंद लागले. ‘तेज चल’मध्ये पाय हवेत असतो जेमतेम ०.४ सेकंद. तोवर पाऊल पडायची वेळ आली! म्हणून खऱ्या गुडघ्यात वाचने खूप जास्त वेळा घ्यावी लागतात, आणि मग एकेका वाचनावरचा विश्वास कमी करून प्रमाण नव्याने ठरवावे लागते.

माणूसही निरीक्षकच

मुरलीपुऱ्यात आमच्या गल्लीत एक निवृत्त फौजी राहतात. गल्लीतली सगळी मुले त्यांना ताऊजी म्हणतात, मीही. त्यांचा एक पाय मांडीपासून कृत्रिम आहे आणि गुडघा साधा, बॅटरी नसलेला आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना हे सगळे दाखवले तेव्हा ते हसले आणि म्हणाले की हे तर ते रोज करतात. कृत्रिम पायात संवेदना नाही. पण मांडी ज्या सॉकेटमध्ये बसते तिथला दाब त्यांना कळतो आणि टाच टेकल्याचा आवाज ऐकू येतो. टाच कधी टेकणार हे त्यांना आधीच ठाऊक असते. आवाज ठरल्या वेळी आला तर ते पुढचे पाऊल टाकतात. नाही आला तर लगेच कंबर मागे घेऊन गुडघा सरळ ठेवतात.

रेतीच्या वाटेवर टाचेचा आवाज येत नाही, म्हणून तिथे ते हळू चालतात. आपल्या भाषेत, एक सेन्सर गेला. उंच टाचेचे नवे बूट घेतले तर पहिले काही दिवस ते काठी बरोबर ठेवतात. आपल्या भाषेत, नकली पट्टी आता खऱ्या पट्टीसारखी राहिली नाही, म्हणून अंदाजावरचा विश्वास कमी करायचा. अंदाज, तुलना, सुधारणा हे तिन्ही नियम त्यांच्या चालण्यात आहेत. फक्त हे सगळे काम त्यांना स्वतः करावे लागते, दर पावलाला, दिवसभर. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे संध्याकाळी पायापेक्षा डोके जास्त थकते. प्रोसेसर असलेला गुडघा माणसाला कशातून मोकळा करतो, हे मला या एका वाक्यातून सर्वांत चांगले समजले.

आपल्यापैकी पुष्कळ जण पुढे सैन्यात जाणार आहेत. पुण्यात १९४४ पासून आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी जवानांसाठी ते सुरू झाले आणि आजही हात-पाय गमावलेल्या सैनिकांना तिथे पुन्हा उभे केले जाते. म्हणून हा विषय आपल्यासाठी फक्त गणिताचा नाही.

स्वतः करून पाहा

साहित्य : ६० सेंमीची लाकडी पट्टी, खिळा, शिंप्याची टेप आणि मोबाइलचा व्हिडिओ. खिळ्यापासून ६० सेंमीवर एक अंश म्हणजे जवळजवळ एक सेंटीमीटर, त्यामुळे टेप भिंतीवर कमानीसारखी चिकटवली की तीच कोनमापक होते. व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रे असतील तर दर तिसरे चित्र म्हणजे ०.१ सेकंद. मी मुरलीपुऱ्याच्या घरी हे केले तेव्हा चौथ्या वाचनानंतर चूक बहुतेक वेळा एका अंशाच्या आत राहिली.

मग पुढील प्रश्न सोडवा :
१. सुधारणेचे आकडे ०.२ आणि १ घेतले तर खऱ्या वेगाजवळ यायला किती वाचने लागतात?
२. पट्टीच्या खालच्या टोकाला एक नट बांधा, पण नियमातले २.५ तसेच ठेवा. चूक शून्याकडे जाते का?
३. निरीक्षकाने सुरुवातीला वेग ० ऐवजी २०० धरला तर काय होते?

दुसऱ्या प्रश्नावर जास्त वेळ घालवा. चूक शून्याकडे जात नसेल तर दोष डोळ्यांचा नाही, आपण मनात धरलेल्या पट्टीचा आहे. अशा वेळी वाचने वाढवून उपयोग नाही, नियमच दुरुस्त करावा लागतो.